पेटीत कापूस कशाला?

बालदोस्तांनो,

'प्रश्न विचारणारी मुलं मला फार आवडतात,' असं सगळ्याच बाई म्हणतात. मीही म्हणते. पण खरं सांगू? कधी कधी असा प्रश्न येतो, की बाईंचीच बोलती बंद होते. आज अशाच एका प्रश्नाची गोष्ट.

आमची शाळा विश्रामबागेत, सांगली आणि मिरज यांच्या बरोबर मधे. डिसेंबरात स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. शाळेचा जुना स्पीकर ऐन नाचाच्या गाण्यात खर्रर्र खर्रर्र करायला लागला. आमच्या एका मुलाचा मोठा भाऊ वालचंद कॉलेजात शिकतो आणि गिटार वाजवतो. संमेलनात वाजवायला तो आपली गिटार आणि तिची स्पीकरची पेटी घेऊन आला होता. "बाई, मी बघू का?" म्हणाला, आणि त्याने स्क्रू काढून आमच्या पेटीची पाठच उघडली.

आत काय असेल? तारा? लोहचुंबक? ते होतंच. पण त्याआधी बाहेर आला पांढराशुभ्र कापसाचा ढीग!

"ओ बाई, ह्यात गादीतला कापूस कुणी कोंबला ओ?" चौथीतला एक पठ्ठ्या ओरडला.

मग सगळी पोरं गिटारच्या पेटीकडे धावली. ती तर मागून अर्धी उघडीच. आत नुसतं लाकूड. कापसाचा धागासुद्धा नाही.

"आणि ह्यातला कुणी चोरला?"

सगळे खो खो हसले. दादाही हसला. "चोरला नाही रे, घातलेलाच नसतो."

"का?"

दादा म्हणाला, "ती अशीच येते." पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिक्षकांचं ठेवणीतलं शस्त्र काढलं, "उद्या सांगते हं!"

तर मुलांनो, त्या 'उद्या'साठी मी जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, ते आज तुम्हालाही सांगते.

आधी पेटी कशाला?

स्पीकरमधे कागदाचा एक शंकू असतो. तो पुढे-मागे हलतो आणि हवेला ढकलतो. पुढे ढकलला, की पुढची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते! म्हणजे समोरून जो आवाज निघतो, त्याच्या बरोबर उलटा आवाज मागून निघतो. हे दोन आवाज कडेने वळून एकमेकांना भेटले, तर एकमेकांना पुसून टाकतात. त्यातही ढोलासारखे जाड सूर आधी पुसले जातात. म्हणून नुसता, उघडा स्पीकर वाजवला, की तो चिरका वाजतो. मागचा आवाज कोंडून ठेवायला पेटी हवी.

पण कोंडलेला आवाज गप्प बसतो थोडाच? वर्गात कोंडलेली पोरं गप्प बसतात का? तो पेटीच्या भिंतींवर आपटतो, परत फिरतो, पुन्हा आपटतो.

थोडं गणित करू. खोलीच्या तापमानाला आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. पेटी आतून ३० सेंटिमीटर खोल आहे असं धरा. जाऊन-येऊन ६० सेंटिमीटर. म्हणजे एका सेकंदात आवाजाच्या किती फेऱ्या होतील? भागाकार करून बघा. सुमारे ५७०. आता गाण्यात नेमका ५७० कंपनांचा सूर आला, तर काय होईल? झोक्यावरच्या मैत्रिणीला तुम्ही दर वेळी अगदी वेळेवर धक्का दिलात, तर झोका उंच उंच जातो ना? तसंच! प्रत्येक फेरीला नवा धक्का मिळतो आणि तेवढाच सूर पेटीत घुमायला लागतो. स्पीकरचा शंकू पडला कागदाचा. त्यातून तो घुमणारा सूर बाहेर झिरपतो आणि गाण्यात मिसळतो. गाणाऱ्याने तो सूर हळू म्हटला असला, तरी आपल्याला मोठा ऐकू येतो. थोडक्यात, पेटी चहाडी करते आणि तीही तिखटमीठ लावून!

कापूस काय करतो?

दिवाळीच्या आधी घराला रंग देताना खोली रिकामी करतात. तेव्हा त्या खोलीत बोलून पाहिलंय? आवाज कसा घुमतो! मग गाद्या, पडदे, कपडे परत आले, की खोली पुन्हा शहाण्यासारखी गप्प. पेटीतल्या कापसाचं कामही हेच.

आवाज म्हणजे हवेची थरथर. ती कापसात शिरते, तेव्हा हवेला हजारो बारीक धाग्यांमधून पुढे-मागे जावं लागतं. तिथे घासाघीस होते. थंडीत तळहात एकमेकांवर चोळा बरं. गरम होतात ना? तशी त्या थरथरीची थोडी थोडी ऊब होते आणि आवाज विरतो. ऊब इतकी कमी, की हाताला कळणारसुद्धा नाही. पण कानाला फरक कळतो.

मात्र कापूस सगळ्या आवाजांना सारखा पुरा पडत नाही. ५००० कंपनांच्या बारीक सुराची एक लाट जेमतेम ७ सेंटिमीटर लांब असते. १०० कंपनांच्या जाड सुराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर, म्हणजे मारुती गाडीएवढी! बारीक लाटेला बोटभर जाडीचा थर पुरतो. जाड लाटेला तेवढा थर म्हणजे हत्तीला दोरा बांधल्यासारखं.

आणखी एक गंमत. अगदी भिंतीला चिकटलेली हवा फारशी हलूच शकत नाही. भिंत आडवी येते ना! आपल्या ३० सेंटिमीटरच्या पेटीत त्या ५७० कंपनांच्या सुराला हवा सर्वांत जास्त झुलते ती मधोमध. म्हणून भिंतीला पातळ थर चिकटवण्यापेक्षा पेटीच्या मधल्या भागात सैलसर भरलेला कापूस या सुराला जास्त आवरतो. सैलसर हं! ठासून भरलात, तर हवेला त्यात शिरताच येणार नाही.

आणि हो, आमच्या स्पीकरची खर्रर्र कापसाने गेली नाही. आतली आधाराची लाकडी पट्टी सुटली होती, ती थरथरत होती. दादाने ती परत ठोकली. कापूस हवेला शांत करतो, लाकडाला नाही. लाकूड थरथरत असेल, तर आडवी पट्टी मारायची. दोन आजार, दोन औषधं.

मग गिटारची पेटी रिकामी का?

याचं उत्तर मला मिरजेत सापडलं. विश्रामबागेहून मिरज किती लांब? बसने अर्धा तास धरा. तिथे सतारमेकर गल्ली आहे. सुमारे पावणेदोनशे वर्षं मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात. ही कला ज्यांनी सुरू केली, ती शिकलगार मंडळी आधी हत्यारांना धार लावायची. तलवारी घासणाऱ्या हातांनी पुढे तंबोरे घडवले! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे 'हे मिरजेचं' अशी सरकारी मोहोर.

तंबोऱ्याचा भोपळा पाहिलाय? पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या शेतांतून हे मोठाले भोपळे येतात. वाळवून, कोरून आतून पोकळ करतात. आता विचार करा, त्या भोपळ्यात कोणी कापूस भरला तर? तंबोरा मुका होईल! तारेचा आवाज मुळात किती बारीक. तार तबकडी हलवते, तबकडी आणि भोपळा मिळून हवा हलवतात, तेव्हा तो आवाज खोलीभर होतो. इथे पोकळी चहाडी करत नाही, पोकळी गाते.

पण गंमत बघा. त्याच तंबोऱ्यात तारेखाली, घोडीवर, एक सुताचा धागा सरकवतात. केवढा? एवढासा. तो नेमक्या जागी बसला, की तारेचा झंकार खुलतो. तो तिळभर सरकला, की सगळं बिघडतं. म्हणजे धागा तिथेही आहे; पण कुठे आणि किती, ते कानाने ठरवायचं.

गिटारच्या पेटीचं असंच. गाणी ऐकायचा स्पीकर खिडकीच्या काचेसारखा हवा. पलीकडे जे आहे, ते तसंच्या तसं दिसलं पाहिजे. काचेने स्वतःचा रंग मिसळायचा नाही. म्हणून तिथे कापूस. पण विजेवरच्या गिटारला स्वतःचा पोकळ भोपळा नसतो. तिचं बहुतेक अंग भरीव लाकडाचं. तिचा भोपळा म्हणजे तिचा स्पीकर आणि त्याची पेटी! पेटीचं लाकूड, तिचा आकार, पाठ उघडी की बंद, या सगळ्यांचा रंग मिळूनच गिटारचा आवाज होतो. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ कंपनांची. आणि गिटारचे स्पीकर ५००० कंपनांच्या पुढे फारसे वाजतच नाहीत. म्हणून अशा बहुतेक पेट्या रिकाम्याच ठेवतात. पाठ उघडी असेल, तर आवाज पूर्ण कोंडलेलाही नसतो.

"मग कध्धीच घालायचा नाही?" असं विचाराल. तसं नाही. बंद पाठीची पेटी फार कर्कश किंवा डब्यासारखी वाजत असेल, तर कोणी कोणी मागच्या फळीवर एखादा थर लावून पाहतात. आवडला तर ठेवायचा, नाही तर काढायचा. तंबोऱ्याच्या धाग्यासारखं. पण गरम होणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरजवळ कापूस नको, तो पेटू शकतो. आणि काचेच्या धाग्यांची लोकर तर मुलांनी हातातही घ्यायची नाही; अंगाला खाज सुटते आणि तिची धूळ छातीत जाते.

उश्या पळवणारे प्राध्यापक

आता एक खरी गोष्ट. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं. दिसायला सुंदर, पण आत बोललेलं कोणाला कळेचना! एक शब्द बोलला, की तो पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तोवर बोलणाऱ्याचे पुढचे दहा-पंधरा शब्द त्यात मिसळून सगळी खिचडी. वॉलेस सॅबाइन नावाच्या २७ वर्षांच्या तरुण प्राध्यापकांना सांगितलं, 'यावर काहीतरी करा.'

त्यांनी काय केलं असेल? रात्री सगळीकडे सामसूम झाली, की शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या उश्या उचलून आणायच्या. हॉलमधे मांडायच्या. ऑर्गनची नळी वाजवायची आणि सूर विरायला किती वेळ लागतो, ते घड्याळाने मोजायचं. मग आणखी उश्या. पुन्हा मोजायचं. सकाळ व्हायच्या आत सगळ्या उश्या परत जागेवर! असं कितीतरी रात्री. त्यातून त्यांना नियम सापडला : खोली जितकी मोठी, तितका आवाज जास्त घुमतो, आवाज पिणाऱ्या मऊ वस्तू जितक्या जास्त, तितका कमी. याच नियमावर बॉस्टन शहरातलं संगीतगृह बांधलं. ते १९०० साली उघडलं आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याचं नाव घेतात.

आणि मग आमचा वर्ग

हे सगळं मी मुलांना सांगितलं. सांगून झाल्यावर आमच्या त्या चौथीतल्या पठ्ठ्याने हात वर केला नाही, टाळी वाजवली. एकच टाळी. ती वर्गभर घुमली.

"ओ बाई, आपला वर्ग म्हंजे बिनकापसाची पेटीच हाय की!"

मी वर पाहिलं. पत्र्याचं छप्पर. खाली गुळगुळीत फरशी. भिंती बोडक्या. आणि माझ्या पोटात एकदम कालवलं. का, ते सांगते.

याच खोलीत सकाळी माझा तिसरीचा वर्ग भरतो. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. शुद्धलेखनात तिच्या फार चुका व्हायच्या. मी 'सात' म्हटलं, की ती 'साठ' लिहायची. 'पाट' म्हटलं, की 'पाठ'. मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, 'वर्गात लक्ष देत नाही.' घरी आईने तिचं संध्याकाळचं खेळणं बंद केलं होतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या बाकावर जाऊन बसले. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना फळ्याजवळ उभं केलं आणि म्हटलं, "मला दहा शब्द सांगा." पंखे चालू होते, बाहेर मुलांचा गलका होता, रोजच्यासारखाच. मी लिहीत गेले. तपासले, तर तीन चूक! मी शिक्षिका, मला मराठीतले सगळे शब्द पाठ. तरी दहात तीन चूक. शब्दाची सुरुवात ऐकू येत होती, पण शेवटचं अक्षर आधीच्या अक्षराच्या घुमण्यात बुडून जात होतं.

मग आम्ही काय केलं? मुलांनी घरून जुन्या वाकळा आणल्या. धुऊन, उन्हात वाळवून त्या मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर टांगल्या, भिंतीपासून वीतभर पुढे. का पुढे? वर वाचलंत ना, भिंतीला चिकटलेली हवा हलत नाही! त्या मुलीला पहिल्या बाकावर आणलं. तिच्या आईला बोलावून कान तपासायला सांगितलं. डॉक्टरांना एका कानात मळाचा खडा सापडला. तो त्यांनी काढला.

पुढच्या शुद्धलेखनात तिला दहापैकी आठ. दहा नाहीत हं, आठच. पण माझ्या चुकीपेक्षा तिची एक चूक कमी! मी तिच्या प्रगतिपुस्तकातलं वाक्य खोडलं, खाली सही केली, आणि तिला आईसमोर म्हटलं, "चुकलं माझं. तू लक्ष देत होतीस. तुला ऐकू येत नव्हतं."

ती काय म्हणाली असेल? म्हणाली, "बाई, मधला पंखा बंद केला, तर अजून चांगलं ऐकू येतं."

ते मात्र माझ्या कुठल्याच पुस्तकातून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. थंडीत मधला पंखा बंदच असतो आता.

तुम्ही करून बघा

१. पाण्याची रिकामी घागर घ्या. तोंडाशी तोंड नेऊन 'ओऽऽ' म्हणा. आवाज बारीक-जाड करत जा. एका सुराला घागर एकदम घुमेल. आता आत जुना टॉवेल घाला आणि पुन्हा म्हणा. काय फरक पडला?

२. स्टीलच्या वाटीवर चमचा मारा. ती वाजत असतानाच तिला बोट लावा. आवाज का थांबला? इथे बोटाने हवा शांत केली की वाटी?

३. देवळात, जिन्यात, स्वयंपाकघरात, गाद्यांच्या खोलीत एकेक टाळी वाजवा. कुठे जास्त घुमली? वहीत लिहा. विजापूरची सहल असेल, तर गोलघुमटातही लिहा. तिथे मात्र वही पुरणार नाही!

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलांची अभ्यासाची खोली घुमत असेल, तर महागडं काही लागत नाही. जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, एखादी वाकळ पुरते. थर्माकोलचा मात्र उपयोग नाही. त्याची छिद्रं बंद असतात, आवाज आत शिरतच नाही. अमेरिकेतल्या वर्गांसाठीच्या मानकात आवाज ०.६ सेकंदात विरावा असं म्हटलं आहे. आपल्याला घड्याळ लावायला नको. एक टाळी वाजवा, कान सांगेल.

आणि मूल वारंवार 'काय? काय?' विचारत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर रागावण्याआधी एकदा कान दाखवून आणा. कानात काडी, पिन, तेल मात्र घालू नका. हे डॉक्टरांचं काम.

बरं का मुलांनो, प्रयोगांची उत्तरं पत्राने कळवा. वाकळा टांगल्यापासून आमच्या वर्गात एक नवी अडचण आलीय. मागच्या बाकावरची कुजबुज मला अगदी स्पष्ट ऐकू येते!

तुमच्या,
बाई